गुलामगिरीविरुद्धची चळवळ, अमेरिकन समाज आणि बुलढाण्याच्या ताराबाई

(व्याख्यानाचा मजकूर)



खामगावच्या कापूस बाजाराचा इतिहास सांगावयाचा झाल्यास अमेरिकेतील यादवी युद्धापासून प्रारंभ करावा लागतो. १८६१ मध्ये अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण भागांतील राज्यांत युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला. गिरणीमालकांची दृष्टी साहजिकच हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहान्वये इंग्रजांच्या कारभाराखाली आलेलाच होता. येथील काळ्या जमिनीतील कापसाला कधी नव्हे असा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढणारे अनेक जण बुडाले. तथापि, खामगावचे नाव कापसाच्या व्यापारात कायमचे रुजले. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तोही मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठीच.

हे युद्ध ज्या प्रश्नावरून झाले त्याची वार्ता मात्र या भागात पैशाच्या मागाहून आली. अमेरिकेच्या दक्षिणेत १८६० साली सुमारे ४० लक्ष माणसे गुलाम होती आणि तेथील कापसाचे पीक त्यांच्याच श्रमावर उभे होते. त्या गुलामांच्या मुक्तीचा अर्थ मराठी वाचकाला प्रथम समजावून सांगितला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. त्यानंतर अवघ्या ९ वर्षांनी बुलढाण्याच्या एका लेखिकेने मुक्तीचा प्रश्न घराच्या उंबरठ्याच्या आत नेला. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकाची ही पार्श्वभूमी जिल्ह्यातच फारशी परिचित नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने पाहणे उचित होईल.

अमेरिकेतील चळवळ

अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीला १८३० नंतरच्या दशकात धार आली. विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १८३१ मध्ये बोस्टनहून ‘लिबरेटर’ हे पत्र सुरू केले. १८३३ मध्ये अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन झाली. सभा, पत्रके, संसदेकडे पाठवावयाचे अर्ज आणि पळून आलेल्या गुलामांना आश्रय हे तिचे मार्ग होते. अर्जांवर सह्या गोळा करण्याचे कष्टाचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियांनी केले. दारोदार हिंडून, अपमान सोसून त्यांनी हे काम केले आणि ते करता करता त्यांना आपल्या स्वतःच्या स्थितीचे भान आले. ही गोष्ट चळवळीच्या नेत्यांनी योजिलेली नव्हती.

सारा आणि अँजेलिना ग्रिमके या भगिनी दक्षिण कॅरोलिनातील गुलाममालक घराण्यातील होत्या. घर सोडून त्या उत्तरेत आल्या आणि गुलामगिरीविरुद्ध जाहीर व्याख्याने देऊ लागल्या. १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील धर्मगुरूंनी एक पत्रक काढून स्त्रियांनी सभेत बोलणे शोभत नाही, असा निर्वाळा दिला. गुलामांच्या वतीने बोलावयाचे तर आधी बोलण्याचाच अधिकार सिद्ध करावा लागतो, हे त्या भगिनींना उमगले. सारा ग्रिमके यांनी पुढच्याच वर्षी स्त्री-पुरुषांच्या समतेविषयीची पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

१८४० मध्ये लंडन येथे गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा तर कमालच झाली. अमेरिकेतून प्रतिनिधी म्हणून गेलेल्या स्त्रियांना प्रतिनिधीची जागा नाकारण्यात आली आणि पडद्याआडच्या सज्जात बसून कामकाज ऐकण्याची मुभा तेवढी देण्यात आली. माणसामाणसांतील भेद नाहीसा करण्यासाठी भरलेल्या परिषदेचा हा प्रकार! गॅरिसन यांनी परिषदेतील आपली जागा सोडून त्या स्त्रियांसमवेत सज्जात बसणे पसंत केले. तेथे उपस्थित असलेल्या लुक्रेशिया मॉट आणि एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी ८ वर्षांनंतर, १९ व २० जुलै १८४८ रोजी, न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स या लहानशा गावी स्त्रियांच्या हक्कांसाठी परिषद भरविली. स्त्रियांना मताधिकार हवा, हा ठराव त्या परिषदेतही अनेकांना अतिरेकी वाटत होता. त्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिले ते फ्रेडरिक डग्लस. ते स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले होते. परिषदेच्या जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुष अशा १०० जणांच्या सह्या झाल्या.

डिसेंबर १८६५ मध्ये अमेरिकन राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती अमलात आली आणि गुलामगिरी कायद्याने संपली. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही असे ठरविले. लिंगावरून नाकारता येणार नाही, असे मात्र म्हटले नाही. या प्रश्नावर १८६९ मध्येच जुन्या सहकाऱ्यांत फूट पडलेली होती. आधी कृष्णवर्णीय पुरुषाला मत मिळू द्यावे, स्त्रियांनी थांबावे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. स्त्रिया थांबल्या, त्यांना संपूर्ण देशात मताधिकार देणारी एकोणिसावी दुरुस्ती १९२० साली आली. कृष्णवर्णीयांच्या वाट्यालाही निर्भेळ यश आले नाही. १८७७ नंतर दक्षिणेत त्यांचा मताधिकार नाना युक्त्यांनी हिरावून घेण्यात आला आणि तो खऱ्या अर्थाने परत मिळण्यास १९६५ चा कायदा यावा लागला. कायदा झाला म्हणजे समाज बदलला, असे मानणाऱ्यांनी ही तारखांची यादी एकदा नजरेखालून घालावी.

‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका

जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्ष बुद्धीने त्याग केला, त्यांना जोतीरावांनी ते अर्पण केले आणि त्यांचे उदाहरण पाहून आपले देशबांधवही शूद्रांच्या मुक्तीसाठी पुढे येतील, अशी आशा व्यक्त केली. पुण्यात बसलेल्या एका मराठी ग्रंथकाराने सात समुद्रांपलीकडच्या लढ्याशी आपल्या लढ्याचे नाते जोडावे, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, सत्यशोधक समाजाची स्थापना झाली.

जोतीरावांच्या कार्यात स्त्रीचा प्रश्न प्रारंभापासून होता. १८४८ मध्ये, म्हणजे सेनेका फॉल्सच्या परिषदेच्याच वर्षी, त्यांनी पुण्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. १८६३ मध्ये त्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पुनर्विवाहाला बंदी, आणि विधवेचे पाऊल वाकडे पडले तर लोकलज्जेने गर्भपात वा अर्भकाची हत्या, हा त्या काळच्या समाजाने झाकून ठेवलेला व्यवहार होता. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा कागदावर होता, घरात नव्हता.

बुलढाण्यातील एक घर

बुलढाणा हे अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले, त्या वेळी नुकतेच जिल्ह्याचे ठाणे झालेले लहान गाव. तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरि शिंदे हे हेडक्लार्क होते. कचेरीतील कारकून म्हटला की बहुधा आपण बरे आणि आपली फाईल बरी, असे चित्र डोळ्यांसमोर येते. बापूजी त्या साच्यातील नव्हते. १८७१ मध्ये त्यांनी ‘हिंट टु द एज्युकेटेड नेटिव्हज’ या नावाचे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले होते आणि पुढे ते सत्यशोधक समाजाचे सभासद झाले. सरकारी नोकरी सांभाळून, मुख्य शहरांपासून दूर राहून सुधारणेचा विचार करणारी जी मंडळी होती, त्यांची इतिहासात फारशी नोंद नाही. बापूजींची आहे, ती त्यांच्या मुलीमुळे.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्यातच झाला. चार भावांत ही एकटी बहीण. गावात मुलींची शाळा नव्हती. बापूजींनी तिला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. मराठा घराण्यातील मुलीला, त्या काळी, इंग्रजी! लग्न मात्र रीतीप्रमाणे लहानपणीच झाले. जावई घरजावई होऊन आला. त्यामुळे सासुरवास वाचला आणि वाचन टिकले. त्यांना मूलबाळ झाले नाही. तरीही घरंदाज मराठ्याच्या घरातील बंधने होतीच. आपण मराठ्याच्या घरात कोंडलेली, अल्पबुद्धीची बाई आहोत, असे त्यांनी पुस्तकाच्या प्रारंभी लिहिले आहे. ही नम्रता किती खरी आणि किती तिरकस, याचा उलगडा पुढच्या काही पानांतच होतो.

सुरतेचा खटला

१८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या अनौरस अर्भकाच्या हत्येचा खटला झाला. तिला फाशीची शिक्षा सांगण्यात आली; अपिलात ती बदलून काळ्या पाण्याची करण्यात आली. ‘पुणेवैभव’ या सनातनी पत्राने या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर आग पाखडली. स्त्रिया बिघडल्या, नव्या शिक्षणाने बेताल झाल्या, असा त्या लिखाणाचा रोख होता. पुण्यातील एका पत्राला उत्तर आले ते बुलढाण्याहून. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून निघाले. प्रती ५००, किंमत ९ आणे.

पुस्तकाची रीत सरळ आहे. साहस, कपट, मोह, अविचार असे जे जे दोष ग्रंथांनी आणि लोकांनी स्त्रीच्या माथी मारले आहेत, ते एकेक घ्यावयाचे आणि पुरुषाच्या वर्तनाशी ताडून पाहावयाचे. तागडीत एका बाजूला स्त्री, दुसऱ्या बाजूला पुरुष. आणि पारडे कोठे झुकते ते वाचकाने स्वतःच पाहावे. स्त्रीने फार तर घरातील चार माणसांना फसविले असेल. राज्ये बुडविली, विश्वासघात केले, लाच खाल्ली, दारूत घरदार घातले ते कोणी, असा लेखिकेचा रोख आहे. पुराणांतील देवांना आणि ऋषींनाही त्या सोडीत नाहीत. विधवेला फसविणारा पुरुष समाजात उजळ माथ्याने मिरवतो आणि ती मात्र कोर्टात उभी राहते, हा त्यांच्या संतापाचा गाभा आहे. बायको मेल्यावर दहाव्या दिवसाची वाट न पाहता दुसरी आणण्याची घाई करणारा पुरुष आणि नवरा मेला की जिचे कुंकू, केस, मंगलकार्यातील स्थान सर्वच जाते ती स्त्री, या दोघांचा गुन्हा कोणता वेगळा, असे त्या विचारतात. पुनर्विवाहबंदीची चाल एका जातीपुरती राहिली नाही, इतर जातींतील प्रतिष्ठित घराण्यांनीही ती मोठेपणाचे चिन्ह म्हणून उचलली, हेही त्यांनी नेमके हेरले होते.

सुधारकांवरही त्यांचा राग आहे. सभा भरवितात, भाषणे करतात, टाळ्या घेतात आणि घरी जाऊन जुनेच चालवितात. पोशाख साहेबी, पण बायकोसाठी नियम आजोबांचे. त्या काळच्या लोकप्रिय कथा-नाटकांतून स्त्रीचे जे पाताळयंत्री चित्र रंगविले जाई, त्याचाही त्यांनी समाचार घेतला आहे. भाषा घरातील, तिखट, म्हणींनी भरलेली. वाक्ये कधी लांबतात, कधी तुटतात. विद्वत्तेचा आव नाही. काही ठिकाणी त्या स्वतःही जुन्या कल्पनांत अडखळतात. पातिव्रत्याचा आदर्श त्यांनी टाकून दिलेला नाही, तो पुरुषाच्या बाजूनेही पाळला जावा एवढेच त्यांचे म्हणणे दिसते. परंतु तसे करण्यानेही १८८२ साली भूकंप होण्यासारखे होते.

ताराबाईंच्या पुस्तकात अमेरिकेचा आधार शोधण्याचे कारण नाही. साम्य आहे ते परिस्थितीच्या क्रमात. तेथे गुलामाच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या स्त्रियांना आपल्या बेड्या दिसल्या. येथे शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीचा विचार ज्या घरात चालत होता, त्या घरातील मुलीने आपल्या वाट्याचे काय, असे विचारले. समतेचा विचार एकदा घरात आला की तो कोणाच्या दाराशी थांबेल हे आणणाऱ्याच्या हाती राहत नाही.

आणि लंडनच्या सज्जातील प्रसंगही येथे वेगळ्या रूपाने घडला. या पुस्तकावर टीका झाली ती केवळ सनातन्यांकडून नव्हे; सत्यशोधकांपैकीही काही जणांना ते रुचले नाही. तेव्हा जोतीराव पुढे आले. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा ‘चिरंजीविनी’ असा वात्सल्याने उल्लेख करून त्यांची बाजू घेतली आणि आपल्याच सहकाऱ्यांना खडसावले. ताराबाईंनी मात्र त्यानंतर दुसरे पुस्तक लिहिले नाही.

संस्थेचे बळ

येथे दोन देशांच्या वाटा वेगळ्या होतात. सेनेका फॉल्सच्या मागे सभा होत्या, वर्गणी होती, पत्रे होती, दरवर्षी भरणाऱ्या परिषदा होत्या. पिढी गेली तरी काम पुढे चालले. १८४८ च्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीही १९२० चा मताधिकार पाहण्यास उरले नव्हते, पण चळवळ उरली होती. पंडिता रमाबाईंनी हे स्वतः पाहिले. १८८६ ते १८८८ या काळात त्या अमेरिकेत होत्या. गुलामांची मुक्ती आणि स्त्रियांच्या संस्था यांविषयी त्यांनी आपल्या १८८९ च्या मराठी प्रवासग्रंथात आस्थेने लिहिले. तेथे उभारलेल्या मदतीच्या बळावर त्यांनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. रमाबाईंच्या मागे संस्था होती. बुलढाण्याच्या ताराबाईंच्या मागे वडील होते, दूर पुण्यात जोतीराव होते, आणि ५०० प्रती होत्या.

जोतीरावांचा विचार या जिल्ह्यातून नाहीसा झाला असे मात्र नव्हे. त्यांचे पहिले मोठे मराठी चरित्र १९२७ मध्ये लिहिले ते चिखलीच्या पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी, ही गोष्ट जिल्ह्यातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. पण ताराबाईंचे पुस्तक विस्मृतीत गेले ते गेलेच. १९१० च्या सुमारास त्या निवर्तल्या. पुस्तकाची प्रत शोधून, प्रस्तावनेसह ते पुन्हा प्रकाशात आणले ते डॉ. स. गं. मालशे यांनी, १९७५ मध्ये; म्हणजे ९३ वर्षांनी. ते वर्ष जागतिक महिला वर्ष होते. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि आज जगातील विद्यापीठांतून ‘स्त्रीपुरुषतुलना’चा अभ्यास होतो.

आजचा हिशेब

ताराबाईंच्या तागडीत आजचे आकडे टाकून पाहण्यास हरकत नाही. त्रिहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि पंचायत राज संस्थांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. सेनेका फॉल्सला ७२ वर्षे थांबून नुसते मत मिळाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या तरतुदीचे मोल कळते. मात्र सरपंच बाई आणि कारभारी तिचा पती, हा प्रकार ग्रामसेवकांना आणि विस्तार अधिकाऱ्यांना नवा नाही. सभेच्या इतिवृत्तावर सही तिची असते. सभेत आवाज कोणाचा होता, हे इतिवृत्तात येत नाही. लंडनच्या सज्जाला निदान पडदा तरी होता.

दुसरा आकडा अधिक कठोर आहे. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर १,००० मुलग्यांमागे ८५५ मुली होत्या. राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेडराजा याच जिल्ह्यात आहे आणि दरवर्षी १२ जानेवारीला तेथे लाखोंचा समुदाय लोटतो. १८८१ मध्ये एका असहाय विधवेच्या हातून झालेल्या अपराधासाठी साऱ्या स्त्रीजातीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले होते. जन्मण्यापूर्वीच नाहीशा झालेल्या मुलींच्या बाबतीत तुलना करावयाची तर पिंजऱ्यात सुशिक्षित कुटुंबे, सोनोग्राफीचे यंत्र आणि ते चालविणारे हात या सर्वांना उभे करावे लागेल. १९९४ चा गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणारा कायदा आहेच. त्याच्या अंमलबजावणीत तालुका पातळीवरील अधिकाऱ्याचा वाटा किती मोठा आहे, हे येथे निराळे सांगावयास नको.

विधवेच्या प्रश्नाकडे ग्रामपंचायतीने पाहिले ते त्याहूनही उशिरा. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की, पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि पायातील जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्यात येत आहेत. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा, असे सुचविले. असा ठराव ग्रामसभेपुढे ठेवण्यास पैसा लागत नाही, वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागत नाही. ठराव मांडताना प्रास्ताविक म्हणून काय वाचावे, असा प्रश्न एखाद्या सदस्याला पडला तर बुलढाणा जिल्ह्यात त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ते येथेच, १८८२ साली, लिहून ठेवलेले आहे.